धसमुसळा लॅब्रेडॉर क्रॉस की दोन महिन्यांचे पिल्लू?

मुलुंडच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात. सकाळी साडेआठला घर सोडतात आणि संध्याकाळी सातच्या आधी परतत नाहीत. घरात अकरा आणि सहा वर्षांची दोन मुले आहेत. दिवसभर घरी असणाऱ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून त्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे. घर नवव्या मजल्यावर, दोन बेडरूमचे. कुत्रा विकत न घेता दत्तक घ्यायचा, हे ठरलेले आहे आणि दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे सध्या तात्पुरत्या पालकांकडे राहणारा नऊ महिन्यांचा नर, ज्याला सगळे ‘लॅब्रेडॉर क्रॉस’ म्हणतात आणि जो अंगावर उड्या मारतो, ‘फार हायपर’ आहे. दुसरे म्हणजे दोन महिन्यांचे मादी पिल्लू, जे ‘जर्मन शेफर्ड मिक्स’ असल्याचे सांगितले गेले आहे. यांपैकी कोणाला आणावे, त्याला रोज किती पळवावे लागेल आणि एवढ्याशा घरात असा कुत्रा कोंडल्यासारखा होईल का, असे आपण विचारले आहे.

उत्तर देण्याआधी मी प्रश्नाची मांडणी थोडी बदलते. मी उपनगरात पशुवैद्य म्हणून बरीच वर्षे काम करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या तक्रारींपैकी मोठा भाग आजाराचा नसून वागणुकीचा असतो: सोफा फाडला, दिवसभर भुंकतो, शेजारी तक्रार करतात, मुलांना पाडतो. अशा घरांची नीट चौकशी केली तर घराचा आकार हे कारण क्वचितच निघते. पूर्ण वाढलेला कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो किंवा पेंगतो, पिल्लू तर १८ तासांच्या आसपास, आणि झोपण्यासाठी हॉलचा एक कोपरा पुरतो. अडचण असते ती उरलेल्या जागेपणीच्या तासांची. आपल्या घरी साडेआठ ते सात या साडेदहा तासांत कुत्र्याची जबाबदारी प्रत्यक्षात सासूबाईंवर येणार आहे, आणि त्यांना स्वतःला काय वाटते याचा आपल्या प्रश्नात उल्लेख नाही. त्यामुळे जात आणि चौरस फूट बाजूला ठेवून मी असे विचारीन की सासूबाईंना न पाडता आणि न दमवता दिवस काढू शकेल असा कुत्रा या दोघांपैकी कोणता, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला पुरेसे काम देणे घरातल्या बाकीच्यांना वर्षानुवर्षे जमेल का.

यातल्या काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचे उत्तर आपणच देऊ शकता. सासूबाईंना कुत्र्यांची सवय आहे की त्या केवळ नातवंडांच्या हट्टापुढे गप्प आहेत? सकाळी सहाला, रविवारी आणि पावसातसुद्धा, नेमके कोण उठणार? दुपारी कुत्र्याला खाली नेण्यासाठी पगारी माणूस ठेवायची तयारी आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचे सगळे वाचूनही मी आपल्याला या दोघांपैकी एकही कुत्रा आणू नका, असेच सांगेन.

आता जातीच्या शिक्क्यांबद्दल. मुंबईत दत्तक दिल्या जाणाऱ्या मिश्र कुत्र्यांच्या आईबापांची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. अंग काळे-तपकिरी दिसले की शेफर्ड, पिवळसर अंग आणि पडलेले कान दिसले की लॅब्रेडॉर, असा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात आपल्या गावठी कुत्र्यांमध्येही हे सगळे रंग सापडतात, आणि पिल्लांचे कान तर चार-पाच महिन्यांची होईपर्यंत कधी उभे, कधी आडवे असतात. परदेशांत डीएनए चाचणी करून पडताळले तेव्हा दिसण्यावरून केलेले असे अंदाज मोठ्या प्रमाणावर चुकलेले आढळले. पण जात बरोबर ओळखली तरी तिच्यावरून स्वभाव कितपत कळतो? २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि एकेका कुत्र्याच्या वागणुकीत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असे त्यात निघाले. म्हणून ‘लॅब आहे म्हणजे मुलांमध्ये रमेल’ किंवा ‘शेफर्ड आहे म्हणजे राखण करील’ या भरवशावर निर्णय घेऊ नये.

शिक्का अगदीच निरुपयोगी मात्र नाही. मोठे झाल्यावर वजन १५ किलो असेल की ३०, याचा थोडा अंदाज त्यावरून येतो. त्या नरात खरोखरच लॅब्रेडॉरचे रक्त असेल तर खादाडपणाची तयारी ठेवावी. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की सुमारे दर चार लॅब्रेडॉरांपैकी एकात भुकेवर ताबा ठेवणाऱ्या पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो. असा कुत्रा पोट भरल्यावरही उपाशी असल्यासारखा चेहरा करून बसतो आणि आजीच्या ताटापाशी त्याचा हा अभिनय फार यशस्वी होतो. हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, एवढी एक खूण घरात सगळ्यांनी लक्षात ठेवली तरी पुरे.

दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या घरासाठी आत्ता नको. या वयाच्या पिल्लाला साधारण दर दोन तासांनी शी-शूसाठी न्यावे लागते, तीन-चार वेळा भरवावे लागते, आणि दात पूर्ण बदलेपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत, ते मुलांच्या टाचा, फ्रॉक आणि दप्तराचे पट्टे चावत राहते. लसींची मालिका दर तीन-चार आठवड्यांनी सुमारे सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालते आणि ती पुरी होईपर्यंत रस्त्यावर मोकळे उतरवता येत नाही, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि त्याने होणारे रक्ताचे जुलाब पिल्लांच्या जिवावर बेततात. गंमत अशी की जग ओळखण्याचे, माणसे, आवाज, रिक्षा, लिफ्ट यांची भीती न बाळगायला शिकण्याचे वयही तेच असते. ती खिडकी तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत उघडी असते. म्हणजे पिल्लाला घरात डांबूनही चालत नाही. कडेवर घेऊन रोज खाली हिंडवावे लागते. हे सगळे दुपारच्या वेळी कोण करणार? दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून फरशी पुसणाऱ्या सासूबाई माझ्या डोळ्यांसमोर येतात. आपल्या दोघांपैकी कोणाला दोन-तीन महिने घरून काम करता येणार असेल तरच या पिल्लाचा विचार करावा, आणि तेव्हाही ते आठ आठवड्यांच्या आत आईपासून तुटलेले नाही ना, हे विचारून घ्यावे.

नऊ महिन्यांच्या नराला ‘हायपर’ म्हटले जाते, यात मला विशेष काही वाटत नाही. कुत्र्यांचे अडनिडे वय साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत असते. २०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरांवर पाहणी केली. आठ महिन्यांच्या सुमारास ही कुत्री आपल्या माणसाची ‘बस’ ही आज्ञा पूर्वीपेक्षा कमी पाळत होती, परक्याची मात्र पाळत होती. घरात अकरा वर्षांचे मूल आहे. दोन-तीन वर्षांत हा अनुभव आपल्याला निराळ्या रूपात येईलच. शिवाय आपण त्याला पाहता ते पाहुणे आल्याच्या गडबडीत, जेव्हा कोणताही तरुण कुत्रा उसळतो. चार-पाच कुत्री सांभाळणाऱ्या घरात त्याची झोप पुरी होत नसेल तर तो आणखीच चिडीला येतो. मात्र वय वाढले की आपोआप शांत होईल, या आश्वासनावर विसंबू नये. दीड-दोन वर्षांनंतर उसळी कमी होते हे खरे, पण उडी मारल्यावर लक्ष मिळते हे जो शिकला, तो ते पाचव्या वर्षीही करतो.

म्हणून त्याला दोनदा जाऊन पाहावे, एकदा संध्याकाळी आणि एकदा कामाच्या दिवशी दुपारी. पाहायचे ते तो किती उड्या मारतो हे नव्हे. उड्या थांबवून खाली यायला त्याला किती वेळ लागतो, हे पाहायचे. आत गेल्यावर त्याच्याशी बोलू नये, खुर्चीवर बसावे, अंगावर आला तर तोंड फिरवावे आणि पालकांशी गप्पा माराव्यात. दहा-पंधरा मिनिटांत तो कोपरा हुंगू लागला, पाणी प्यायला, पसरला, तर तो शिकवण्याजोगा धसमुसळा आहे. अर्धा-पाऊण तास गेला तरी बाही तोंडात धरून ओढतो आहे, डोळे विस्फारलेले आहेत, आवडीचा खाऊही घेत नाही, असे दिसले तर त्याला अनुभवी माणसाची गरज आहे आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

याच भेटींत आणखी काही गोष्टी सहज कळतात. त्याच्यापासून दूर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर पडू द्यावा: दचकणे ठीक आहे, मिनिटभरात परत येऊन हुंगणे उत्तम, पण बराच वेळ पलंगाखाली दडून बसणे मुंबईच्या आवाजात जगायला अवघड. तो चघळत असताना लांबून आणखी चांगला तुकडा टाकावा आणि त्याचे अंग ताठ होते का, तो थिजतो का, अधाशीपणे गिळतो का, हे पाहावे. तोंडातले काढून घेण्याचा प्रयोग मात्र करू नये. आधी पालकांनी आणि मग आपण त्याचे पंजे आणि कान हाताळून पाहावेत. मुलांनी जमिनीवर शांत बसावे, हाका मारू नयेत. तो आपण होऊन, अंग सैल सोडून, शेपूट आणि मागचा भाग हलवत जवळ आला तर छान. मुलांना टाळत असेल तर तो वाईट कुत्रा नव्हे, पण सहा वर्षांच्या मुलाच्या घरात त्याला सतत कोपरा शोधत राहावे लागेल. पालकांना दहा मिनिटे बाहेर जाऊन फोनवर चित्रण करायला सांगावे, कारण एकटे राहिल्यावर ओरडत सुटणारा कुत्रा हीच सोसायटीतल्या भांडणांची सर्वांत मोठी खाण असते. आणि दुसऱ्या भेटीला सासूबाईंना सोबत न्यावे. त्या खुर्चीत बसलेल्या असाव्यात आणि कुत्रा पट्ट्यावर असावा. तरीही अशा तासाभराच्या पाहणीपेक्षा ज्यांनी त्याला काही आठवडे सांभाळले त्यांच्या शब्दाला मी जास्त किंमत देते. रात्री तो कुठे झोपतो, दारावरची बेल वाजल्यावर काय करतो, गोचीडताप होऊन गेला आहे का, कोणावर कधी गुरगुरला आहे का, हे त्यांना मोकळेपणाने विचारावे.

माझा सल्ला असा: या पाहणीत तो उतरला, आणि दुपारच्या माणसाची सोय झाली, तर त्याला आधी दोन-तीन आठवडे चाचणी म्हणून आणावे. बरेच तात्पुरते पालक याला तयार असतात, आणि जमले नाही तर परत करण्याची अट आधीच लिहून घेतली तर कोणालाही अपराधी वाटत नाही. सासूबाई मनातून घाबरत असतील तर दोघांनाही नकार देऊन दोन ते चार वर्षांचा, स्वभाव ठरून गेलेला मिश्र किंवा गावठी कुत्रा शोधावा. अशा वयाच्या कुत्र्यांना घर मिळणे अवघड जाते, वास्तविक आपल्यासारख्या घरासाठी तेच सर्वांत सोयीचे असतात: शी-शूची सवय लागलेली, चावण्याचे वय सरलेले, वजन आणि उंची डोळ्यांसमोर. हा तिसरा पर्याय आपल्या यादीत नव्हता, पण मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवला असता.

आता ‘रोज किती पळवावे’ याबद्दल, कारण चपळ कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. कुत्रा ऐकत नाही म्हणून त्याला तासभर चेंडू मागे पळवणारे, सायकलला बांधून धावायला लावणारे पालक मला नेहमी भेटतात. तालमीत जाणाऱ्या पोराचा दम जसा दिवसेंदिवस वाढत जातो तसा या कुत्र्याचाही वाढतो. महिन्याभराने तासाचे दोन तास लागतात आणि घरी आल्यावरही तो उसळतच असतो, कारण चेंडूच्या मागे पुन्हा पुन्हा धावल्याने त्याची उत्तेजना उतरतच नाही. अशा कुत्र्याला दमवण्यापेक्षा गुंतवणे आणि त्यानंतर स्वस्थ बसायला शिकवणे जास्त उपयोगी पडते.

सकाळी सहा ते पावणेसात एक फेरी असावी, हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि दोन-तीन मीटरच्या पट्ट्यावर. त्यातला निम्मा वेळ त्याच्या चालीने जाऊ द्यावा. विजेचा खांब, झाडाचे बूड, रिक्षाचे चाक हुंगत तो उभा राहिला की आपल्याला वेळ वाया जातो आहे असे वाटते, पण हुंगणे हेच त्याचे डोके थकवणारे काम आहे. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या बाजूला राहत असाल तर अंधारात त्या कडेला जाऊ नये आणि पट्टा कधीही सोडू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत बिबट्यांचा वावर असतो आणि कुत्रे हे त्यांचे नेहमीचे भक्ष्य आहे.

घरी आल्यावर खाण्याचा काही भाग वाटीत न देता कामातून द्यावा: जुना टॉवेल गुंडाळून त्यात दाणे लपवावेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे टाकून त्यात खाऊ पेरावा. सहा वर्षांच्या मुलाला ही कामगिरी दिली की तो मनापासून करतो, अर्थात कुत्रा दाराबाहेर असताना. दिवसातून दोन-तीनदा, पाचच मिनिटे, चटईवर बसणे शिकवावे. पाय चटईवर पडले की खाऊ, मग बसल्यावर, मग आडवा झाल्यावर, मग काही सेकंद थांबल्यावर, आणि शेवटी कोणी चालत असताना, कुकरची शिट्टी होत असताना, बेल वाजत असताना. बेलचा टप्पा शेवटचा ठेवावा. तो घाईने आणला की आधीचे सगळे मोडते. दुपारी दीडच्या सुमारास पगारी माणसाने अर्ध्या तासाची फेरी मारावी. तो एका वेळी पाच कुत्री हातात धरून मोबाइलवर बोलत चालणारा नसावा, एवढे आधी दोन दिवस लांबून पाहून घ्यावे. संध्याकाळी पुन्हा अर्धा-पाऊण तास, झोपण्यापूर्वी दहा मिनिटे. मधल्या वेळात त्याला झोपू द्यावे. मुले शाळेतून आल्यावर रोज दंगा झालाच पाहिजे असे नाही.

सासूबाईंनी पट्टा कधीच हातात घेऊ नये. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याने मांजर पाहून एक हिसका दिला तर पडण्यातून खुब्याचे हाड मोडू शकते. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे लहान मुलांसाठी मिळते तसे अडवण्याचे फाटक बसवावे, म्हणजे त्यांना हवे तेव्हा कुत्रा पलीकडे राहील. त्यांच्याकडे एकच सुखाचे काम द्यावे: चारही पाय जमिनीवर असताना तो जवळ आला की खाऊचा एक दाणा, आणि उडी मारली की पाठ फिरवून गप्प राहणे. घरातल्या एकानेही उडीला कौतुकाने दाद दिली तर हे शिकवणे फुकट जाते, आणि असे दाद देणारे बहुतेक वेळा घरातले कर्ते पुरुष असतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, वाढत्या सांध्यांना ते बरे नाही. मागून रबर असलेल्या चटया अंथरल्या की आजीलाही आधार होतो.

मुलांसाठी नियम थोडे पण कडक असावेत. तो झोपलेला, खात असलेला किंवा चघळत असलेला असताना हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याच्यासोबत मोठ्या माणसाविना एका खोलीत ठेवायचे नाही. मुलांना ओळखीची कुत्रीही चावतात, आणि त्याआधी कुत्र्याने बहुधा बरेच काही सांगितलेले असते: ओठ चाटणे, विनाकारण जांभई, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अचानक थिजणे. गुरगुरण्यावर कधी ओरडू नये. गुरगुरणे बंद करायला शिकलेला कुत्रा सरळ चावतो. दात लागला, ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि कुत्रा लस टोचलेला, घरचा असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मुंबईच्या हवेत दोन काळ जपायचे असतात. पहिला उकाड्याचा, मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, पण दमट हवेत ती क्रिया नीट चालत नाही. तापमान ३४ अंशच असले तरी उत्साही कुत्रा थांबत नाही आणि उष्माघात होतो. त्याचे नेहमीचे शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याला तिथून चालवू नये. तो डगमगू लागला, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर आधी नळाच्या पाण्याने अंग भिजवून पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा.

दुसरा काळ पावसाळ्याचा. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो माणसांनाही होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने त्याची साथ पाहिली आहे. रेबीजची लस आणि लेप्टोचा समावेश असलेली एकत्रित लस दर वर्षी चुकवू नये, पाणी साचलेल्या रस्त्यावरून नेऊ नये, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि लोंबते कान कोरडे करावेत. मुसळधार दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटे आणि घरात हुंगण्याचे खेळ, यावर तो आनंदाने राहतो.

गोचीड इथे बारा महिने असतात. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर न जाता भिंतींच्या फटींत आणि सज्जांत जातो, म्हणून अंगावरचे वेचून काढल्याने काम भागत नाही. पशुवैद्याने वजनानुसार दिलेले औषध ठरल्या मुदतीत द्यावे लागते. खाणे टाकले, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रक्त तपासावे. एरवी कधीही न थांबणारा कुत्रा गप्प बसला की घरच्यांना ‘शहाणा झाला’ असे वाटते. माझ्याकडे गोचीडतापाचे बरेच रुग्ण याच समाधानाने उशिरा येतात.

खाण्याविषयी थोडक्यात. दूध-पोळी हे कुत्र्याचे जेवण नव्हे. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि पोळीतून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. भात त्यांना पचतो, पण सोबत अंडे, चिकन किंवा मासे हवेत. घर शाकाहारी असेल तर पशुवैद्याशी बोलून तयार खाद्य निवडावे. कांदा-लसूण घातलेली आमटी किंवा रस्सा देऊ नये. मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, म्हणून शिरा आणि बेसनाचे लाडू प्रेमाने भरवण्याच्या यादीतून काढावेत. चॉकलेट, झायलिटॉल असलेले शुगर-फ्री पदार्थ आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नयेत. सासूबाईंची गुडघ्याची औषधेही उंच कपाटात जावीत.

नवव्या मजल्यावर आणखी एक: कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उसळणाऱ्या कुत्र्याचे वजन पेलत नाही. बाल्कनीला लोखंडी जाळी बसवावी, किंवा तिचे दार त्याच्यासाठी बंदच ठेवावे. गणपती आणि दिवाळीच्या फटाक्यांची तयारी दोन महिने आधी सुरू करावी, आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावून त्याच वेळी आवडीचा खाऊ द्यावा. भीती तीव्र असेल तर पशुवैद्याकडून चिंता कमी करणारे औषध घ्यावे; नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रा हलत नाही, पण घाबरतच राहतो. नसबंदी झालेली नसेल तर तिची वेळ वजन आणि वाढ पाहून ठरवावी. मोठ्या अंगाच्या नराला मी साधारण वर्षाचे होऊ देते.

कागदपत्रांत महानगरपालिकेचा श्वान परवाना घ्यावा. त्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, ते तात्पुरत्या पालकांकडून मागून घ्यावे. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताच्या ठरावानेही कुत्रा पाळण्यास बंदी घालता येत नाही, किंवा लिफ्ट वापरण्यास मनाई करता येत नाही. उलट बाजूने, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हा आहे. तरी कुत्रा आणण्यापूर्वी शेजारच्या दोन्ही घरांना आणि वॉचमनला सांगून ठेवावे, पहिले काही दिवस लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी, आणि विष्ठा उचलण्याच्या पिशव्या पट्ट्यालाच अडकवून ठेवाव्यात. पंधरा मिनिटांत पोहोचता येईल असा पशुवैद्य आधी ठरवावा. रात्री गंभीर प्रसंग आला तर मोठी रुग्णालये दक्षिणेकडे आहेत: परळला एकोणिसाव्या शतकापासून चालणारे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे. मुलुंडहून तिथवर जायला रात्रीही वेळ लागतो, त्यामुळे कुत्र्याला गाडीत नेण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावावी आणि कुत्रा नेण्यास तयार असणाऱ्या एखाद्या रिक्षा किंवा टॅक्सीवाल्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा.